हेच नाव ठेवायचं का?

आत्या,

शनिवारी दुपारी आमच्या टीव्हीने मला तू ठेवलेल्या नावाने हाक मारली. म्हणजे आवाज आला नाही, अक्षरं उमटली, आणि तीही इंग्रजी. पण त्या नावाने या घरात मला कुणी कधी हाक मारलेली नाही, म्हणून मी निवडायला घेतलेली मेथी मांडीवर तशीच ठेवून पडद्याकडे बघत राहिले. तुला जाऊन वीसएक वर्षं झाली. टीव्ही तू पाहिला नाहीस आणि कॉम्प्युटर हा शब्द तर तुझ्या कानावरूनही गेला नसेल. तरी सांगायला बसले आहे, कारण दुसऱ्या दिवशी, रविवारी, आमच्या मुलीच्या लग्नाच्या बोलणीत मी तुला मध्ये ओढलं. ज्याला मध्ये ओढलं त्याला निदान कळवावं तरी. आज सोमवार. हे कामाला गेलेत, मुलगी ऑफिसात आहे, ओटा पुसून झालाय, आणि चार वाजता पाणी येईपर्यंत मला कुणी हाक मारणार नाही.

आधी ते यंत्र काय आहे ते सांगते. माझे धाकटे दीर मस्कतला असतात. गेल्या वर्षी येताना त्यांनी पुतणीसाठी एक काळी पेटी आणली, शाळेतल्या पाटीएवढी, वर रबराची बटणं. मला आधी वाटलं, काय हे, मस्कतहून यायचं आणि पाटी आणायची! पण ती टीव्हीला जोडली की टीव्ही तिचं ऐकतो, आणि कॅसेट प्लेअरला जोडली की कॅसेटवरचं सगळं तिच्या पोटात जातं. मुलगी मरोळला एका ऑफिसात कॉम्प्युटरवरच काम करते, कंपन्यांचे पगार वगैरे त्यात भरते, तेव्हा तिला त्याचं नवल नव्हतं. तिथल्याच एका मैत्रिणीकडून तिने एका खेळाची कॅसेट आणली. एका राज्याच्या देवळातली ज्योत कुणी चोरून नेली आहे, ती गुहेत खोल ठेवली आहे, आपण एकट्याने उतरायचं आणि आणायची, असा खेळ. मुलीला दोन दिवसांत त्याचा कंटाळा आला. मला नाही आला. तुझ्यासमोर बसून चातुर्मासातल्या दुपारी मी किती वेळा सारीपाट मांडला असेल, पण सोंगटीला कधी भूक लागली नव्हती. इथे आपण सोंगटी हलवत नाही, आपणच सोंगटी होतो. चाललं की दमतो, दमलं की बसावं लागतं, शिदोरी संपली की जीव कमी कमी होत जातो. घरखर्च लिहिणाऱ्या बाईला हे लगेच पटलं. गुहा ध्यानात राहीना, तेव्हा मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर रांगोळीसारखे ठिपके काढले आणि वाट सापडेल तसे जोडत गेले. मुलगी म्हणाली, "आई, गुहेत पण रांगोळी?" म्हटलं, "मग? घर काय नि गुहा काय, दाराशी काहीतरी हवं."

सुरुवातीलाच खेळ नाव विचारतो. आठ अक्षरांत बसेल असं. मी सासरचं नाव टाकलं तर शेवटची दोन अक्षरं बाहेरच राहिली. परत टाकलं, परत तेच. मुलगी आत चहा टाकत होती. मग बोटांनी आपोआपच ते दुसरं नाव टाकलं, तू बारशाला माझ्या कानात सांगितलेलं, ते कसं नीट बसलं, वर एक घर रिकामं राहिलं. मुलगी कप घेऊन आली नि म्हणाली, "ही कोण?" मी म्हटलं, "आहे एक ओळखीची." तिला वाटलं असेल कहाणीतली कुणी राणी.

तर त्या नावाने मी वर्षभर दुपारची गुहेत उतरत होते. हसू नकोस. श्रावणात एकदा मुलगी सुट्टीवर होती, माझ्या मागे उभी राहून बघत होती. पुढ्यात साप आला. ती ओरडली, "आई, मार! मार ना, तलवार आहे तुझ्याकडे!" मी म्हटलं, "आज नागपंचमी आहे." "अगं, तो टीव्हीत आहे!" "असू दे. आज तवा नाही ठेवला मी चुलीवर, विळी नाही घेतली हातात, तलवार कशी चालवू?" आणि मी वळसा घालून गेले, वाटेतली शिदोरी संपत आली तरी. ती जमिनीवर लोळून हसली. पण गुहेतून ज्योत मी वर आणली, आत्या, उशिरा आणली पण आणली. शेवटी खेळ म्हणाला, हा तुझा गडी कॅसेटवर भरून ठेव, दुसऱ्या भागात लागेल. नवी कोरी कॅसेट कशाला आणायची, म्हणून मी आमच्या भजनांच्या कॅसेटची मागची बाजू अर्धी रिकामी होती तिच्यावर भरून ठेवला. हे मी यांना सांगायला विसरले. दुसऱ्या दिवशी सकाळी हे पूजेला बसले, कॅसेट लावली, भजन संपलं आणि एकदम अशी किरकिर सुरू झाली की शेजारच्या काकू दार उघडून आल्या. "कॅसेट खाल्ली वाटतं यंत्राने!" म्हणत यांनी ती ओढून काढली आणि फीत बोटाने उपसायला लागले. मी स्वयंपाकघरातून पिठाच्या हाताने धावत आले. "अहो थांबा! त्यात मी आहे!" हे बघतच राहिले. "त्यात तू?" काकू पण बघत राहिल्या. मी पिठाच्या हातानेच ती काढून घेतली.

आता लग्नाचं. मुलगी चोवीस पूर्ण झाली. मुलगा बोरिवलीचा, बँकेत आहे, शांत आहे, म्हणजे जरा जास्तच शांत आहे. पत्रिका जुळली, दोघं दोनदा बाहेर भेटली, पसंती झाली. रविवारी त्याची माणसं देण्याघेण्याचं नि मानपानाचं बोलायला येणार होती. शुक्रवारी मुलगी मला म्हणाली, "आई, त्या लोकांनी माझं नाव ठरवून ठेवलंय. मला नाही बदलायचं. ऑफिसात सगळे या नावाने ओळखतात, सर्टिफिकिटं या नावाची आहेत, आणि मुळात मला आवडतं ते." मी म्हटलं, मग त्याला सांग. "सांगितलं. तो म्हणतो, मला काही नाही, आईला विचार." हे तिच्या बाबांसारखंच झालं. "तू बोलशील त्यांच्याशी?" मी म्हटलं, "अगं, पद्धत आहे. पहिल्याच बैठकीत आपण असं काढलं तर काय म्हणतील? नाव बदललं म्हणून काय जातं माणसाचं?" ती माझ्याकडे बघत म्हणाली, "तुझं काय गेलं?" मी गॅस बारीक केला आणि दूध उतू जातंय असं दाखवलं. दूध अजून कोमटही झालं नव्हतं.

शनिवारी तिने त्या खेळाचा दुसरा भाग आणला. ऑफिस अर्ध्या दिवसाचं होतं. मला बरं वाटावं म्हणून आणला की तिला स्वतःला घरात काहीतरी दुसरं चालू हवं होतं म्हणून, कोण जाणे. दोघी बसलो. आधी नवी कॅसेट पेटीत गेली, त्याला पाच-सहा मिनिटं लागली, पडद्याच्या कडेला पट्टे नाचत होते. मग प्रश्न आला, पहिल्या भागातला गडी आहे का? आहे म्हटलं. मग त्याची कॅसेट लावा. मी भजनांची कॅसेट आणली. लावली, तर आधी टाळांचा शेवटचा ठेका ऐकू आला, मग ती किरकिर, आणि पडद्यावर आलं, वाचता येत नाही. परत लावली. परत नाही. यांनी बोटाने फीत उपसली होती ना, तिला तिथे सुरकुती पडली होती. मुलगी म्हणाली, "जाऊ दे गं, नवीन गडी बनवू. दोन मिनिटांचं काम आहे." मी म्हटलं, "नको." एवढ्या जोरात म्हटलं की तिने मान वर केली. मग तिने कापसाला स्पिरिट लावून प्लेअरचं तोंड पुसलं, मी फीत पेन्सिलीने फिरवून फिरवून ताणून घेतली, आणि तिसऱ्यांदा लावताना, खोटं का सांगू, देवाचं नाव घेतलं. गजानना, भजनांच्या पाठीला भरलंय, तुझ्याच पदरात आहे, सांभाळ.

आणि अक्षरं उमटली. तुझं परत येणं झालं, असं काहीसं इंग्रजीत, आणि पुढे ते नाव. इंग्रजीत आलीस नि आलास सारखंच, पण मी "आलीस" असंच वाचलं. त्याखाली लिहिलं होतं, हे नवं राज्य आहे, वेशीवर पहारा आहे, आधीचं सोनं इथे ठेवावं लागेल. गुहेत वर्षभर एक एक नाणं जपून साठवलं होतं मी, आत्या, लागलं तरी खर्चलं नव्हतं. ते एका बटणात गेलं. मी हळहळते आहे तोवर खाली दुसरी ओळ आली. हेच नाव ठेवायचं का? हो असेल तर वाय, नसेल तर एन.

बोट बटणावर ठेवून मी थांबले. माझ्या लग्नात याच्या उलट झालं होतं. अंगावर सोनं घातलं आणि नाव काढून घेतलं. विचारलं नव्हतं कुणी. लक्ष्मीपूजनाला माझ्या पुढ्यात तांदळाचं ताट ठेवलं, यांनी अंगठीने तांदळात रेघा ओढल्या, सगळे पुढे वाकून वाचू लागले, आणि मी उलट्या बाजूला बसलेली. मला ते नाव उलटं दिसत होतं. मला कळायच्या आधी सासूबाईंनी वाचलं, नणंदांनी वाचलं, मुलांनी पेढ्यासाठी ओरडून ओरडून वाचलं. वाईट नव्हतं नाव. देवीचंच होतं. दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाचा भात झाला. तो भात मी पण खाल्ला.

मग मी मांडवपरतणीला पार्ल्याला आले. तुला आठवतंय का? तू चुलीपाशी बसून पुरण वाटते आहेस. मी दाराशी येऊन मुद्दाम उभी राहते, पाय न वाजवता. बाहेर सगळ्यांनी मला नव्या नावाने चिडवून घेतलंय. पण मला माहीत आहे की तू मान वर करशील आणि आपल्या नावाने हाक मारशील, कारण ते तू दिलेलं. तू मान वर केलीस आणि मला नव्या नावाने हाक मारलीस. मी मागे वळून पाहिलं, कोण आलंय म्हणून. मागे कुणी नव्हतं. तू म्हणालीस, "तुलाच हाक मारली. सवय कर." आणि पुन्हा वरवंटा फिरवायला लागलीस. परत कधीही तू मला जुन्या नावाने हाक मारली नाहीस. शेवटच्या आजारात मी पाणी पाजत होते तेव्हाही नाही. किती वर्षं मी मनात धरून होते की आत्या कठोर. तू मला एकदा सारीपाट खेळताना म्हणाली होतीस, "मला सासरचं नाव दोनच वर्षं पुरलं. भांडं असतं तर परत केलं असतं, नाव कुणाला परत करायचं?" तेव्हा मी दहा-अकराची, मला ते गमतीचं वाटलं, मी कवड्या टाकत राहिले. तुझा नवरा गेला, तू माहेरी आलीस, नि मग माहेरच्यांना तुझं आधीचं नाव घ्यायला धीर होईना आणि सासरचं घ्यावंसं वाटेना. आम्हा पोरांची तू आत्या, बाबांची अक्का. तुझ्या तेराव्याला भटजींनी नाव विचारलं तेव्हा बाबा थांबले. खरंच थांबले, सगळे त्यांच्याकडे बघायला लागेपर्यंत. मग त्यांनी जे नाव सांगितलं ते मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. वाटलं, दुसऱ्याच कुणाचं चाललंय. दोन वर्षांचं ते नाव घेऊन तू वर गेलीस. तुझं आधीचं नाव मी नंतर बाबांना विचारलं. त्यांना आठवायला वेळ लागला. पण आठवलं.

मी सवय करावी, दोन नावांच्या मध्ये लटकून राहू नये, म्हणून तू तसं केलंस, हे मला शनिवारी त्या बटणावर बोट ठेवून कळलं. तोवर कळलं नव्हतं. मी वाय दाबलं.

मुलगी बाजूला बसली होती. मग म्हणाली, "आई, ही खरी कोण गं?" मी म्हटलं, "मी." ती म्हणाली, "म्हणजे?" मी म्हटलं, "म्हणजे आधीची मी." ती ते नाव दोन-तीनदा हळू बोलून बघत राहिली, नवी भाजी चाखून बघावी तशी. "छान आहे की! का बदललं?" मी म्हटलं, "विचारलं नाही कुणी." ती माझ्या मांडीवरची मेथी ओढून घेऊन निवडायला बसली. ऑफिसात जायला लागल्यापासून तिने मेथीला हात लावला नव्हता.

तुला आता दुसरा भाग कसा आहे ते सांगते, तुला आवडला असता. पहिल्यात नुसती गुहा, काळोख, भिंती आणि मारामारी. यात उजेड आहे. गाव आहे, गावात विहीर आहे, देऊळ आहे, बाजार आहे. ज्योत परत आली पण विहिरी आटल्या आहेत, आणि का आटल्या ते गावोगाव हिंडून शोधायचं. माणसं भेटतात आणि त्यांच्याशी बोलता येतं. आपण शब्द टाइप करायचा, ती उत्तर देतात. मी आपली मॅट्रिकची इंग्रजी जोडून जोडून वाचते. कोळशावाला आहे, तो नुसता तक्रारी सांगतो. देवळातला पुजारी दक्षिणा घेतल्याशिवाय बोलत नाही, म्हणजे करणाऱ्याने जग पाहिलेलं आहे. विहिरीशी एक म्हातारी बसते, ती भाकरी मागते. मुलगी म्हणाली देऊ नकोस, पुढे उपाशी मरशील. मी दिली. दिल्यावर माझ्या नावापुढचा एक आकडा वाढला, ताकदीचा नव्हे, दुसराच, पहिल्या भागात नसलेला. त्या शब्दाला मुलीने डिक्शनरी काढली. दया, कणव, असलं काहीतरी. म्हटलं बघ, तुझ्या कॉम्प्युटरलाही कहाणीतलं कळलं. दोष काढायचा तर चालताना फार हळू आहे, आणि कॅसेट उलटताना माणूस कंटाळतो. आणि सोनं घ्यायला नको होतं. पण पहिल्यापेक्षा हा भाग मोकळा आहे. पहिल्यात मी जीव वाचवत होते, यात मला कुठेतरी जायचं आहे असं वाटतं.

आणखी एक नवं आहे. यात एकट्याने जावं लागत नाही. वेशीच्या आत गेलं की खेळ म्हणतो, सोबत एक जण घे. तिचं नाव काय, आणि कपड्याचा रंग कोणता. मुलीला वाटलं मी तिचं नाव टाकीन, ती हसत वाट बघत होती. मी तुझं टाकलं. माहेरचं, बाबांनी आठवून सांगितलेलं. रंग हिरवा निवडला. आमचा टीव्ही काळापांढरा आहे, त्यात हिरवं काय नि निळं काय, सगळं करडंच दिसतं. पण पेटीला माहीत आहे की ते हिरवं आहे. आता मी एक घर पुढे गेले की तूही मागून एक घर येतेस. विहिरीशी थांबले की थांबतेस.

तर रविवार. मुलाची आई, वडील, मुलगा आणि त्याचे काका. बाई ठसठशीत, बोलक्या, मनाने मोकळ्या. मालवणकडच्या, बोलता बोलता मधूनच मालवणीत जातात. पोहे झाले, चहा झाला, हॉलचं झालं, मानाच्या साड्यांचं झालं, मग त्या कपबशी खाली ठेवून म्हणाल्या, "आणि नावाचां आमी ठरवलंव हां. भाचीन पुस्तकात बघून काढल्यान. आमच्या झिलाच्या नावाक शोभता." मुलगी आत दाराआड होती. तिच्या बांगड्यांचा आवाज थांबलेला मला ऐकू आला. यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे आता तू गप्प राहा असं पाहिलं. मी म्हटलं, "ताई, आमच्याकडे मुलीचं नाव बदलत नाहीत."

यांच्या हातातलं बिस्किट चहात पडलं. बाई म्हणाल्या, "अगो बाई. म्हणजे? कसलो नेम?"

"माझी एक आत्या होती. तिने सांगून ठेवलंय. बारशाला कानात सांगितलेलं नाव देवाने पण ऐकलेलं असतं, ते पुसायचं नाही. पुसलं तर पुढे हाक मारली कुणी, तर ती कुणाची ते देवालाही कळत नाही."

"असां सांगल्यान?"

"हो."

"मग तुमचां कसां बदललां?" बाई हुशार आहेत. सगळे माझ्याकडे बघायला लागले, हेही. मी म्हटलं, "माझं बदललं. तेच बघून तिने सांगितलं, पुढे कुणा मुलीचं करू नका."

बाईंनी दोन क्षण पदराशी चाळा केला. मला वाटलं, मोडलं. आत उभी असलेली मुलगी, यांचा उतरलेला चेहरा, हॉलचं बोलणं, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. मग बाई म्हणाल्या, "आमच्यात असलो नेम नाय. पण गेलेल्या माणसाचो शब्द आसा, तुमच्या आत्येक नाय कोण म्हणतलो?" आणि मुलाकडे वळल्या. "काय रे, तुका चलता मा?" तो म्हणाला, "मला काय, चालेल. मला आधीपासून चालणारच होतं." "मेल्या, तां आधी सांगूक काय झालां तुका? हय मी पुस्तकां उघडून बसलंय!" काका मोठ्याने हसले, हे हसले, आत बांगड्या वाजल्या. तांदळाचं ताट ठेवायचं ठरलंच आहे, लक्ष्मीपूजन सोडायचं नाही, पण तांदळात मुलीचं आहे तेच नाव लिहायचं. मी एवढंच मागून घेतलं की ताट तिच्याकडे सरळ करून ठेवा, तिला वाचता यायला हवं. बाईंना त्यातलं काय कळलं ठाऊक नाही, पण त्या "होय होय" म्हणाल्या.

निघताना त्यांना हळदीकुंकवाला आत बोलावलं. स्वयंपाकघरात आम्ही दोघीच. मी कुंकू लावलं, खणानारळाने ओटी भरली. त्या हळूच म्हणाल्या, "आत्येन तुमचां काय नाव ठेवल्यान होतां?" मला मोठ्याने म्हणवेना. मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि सांगितलं. बारशाला सांगतात तसं. त्यांनी मान डोलावली. "बरां आसा. माझां नंतर सांगतलंय. आज बाहेर माणसां आसत." आणि पदर सावरून गेल्या.

सगळे गेल्यावर यांनी विचारलं, "आत्या असं कधी म्हणाल्या होत्या गं?" मी म्हटलं, "स्वयंपाकघरात म्हणाली, तुम्हाला कसं कळणार?" आज सकाळी हे देवाला फुलं आणायला गेले ते एक कोरी कॅसेट घेऊन आले. माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "भजनांवर नको राहूस. यात रहा." किंमत मी विचारली नाही, आणि आत्या, मी कधी किंमत विचारायची राहत नाही.

पाणी यायची वेळ झाली आहे. हे पत्र कुठे टाकायचं नाही, घडी करून देवघरातल्या तुझ्या जपमाळेच्या डबीत ठेवीन, तेवढीच तुझी एक वस्तू माझ्याकडे आली. आता राहिलेलं सांगते. तू असं कधीच म्हणाली नव्हतीस. तू म्हणाली होतीस, सवय कर. मी नेमाची बाई, एकादशी चुकवत नाही, खोट्याला भिते, आणि चार पाहुण्यांसमोर एक अख्खा नेम रचून तुझ्या तोंडी घातला. तुला आवडलं नसेल तर रागव. समोर असतीस तर वरवंटा थांबवून, मान वर करून माझ्यावर ओरडली असतीस, माझी तयारी आहे. फक्त ओरडायच्या आधी तू हाक मारतेस ना, ती कुठल्या नावाने मारशील, तेवढं मला ऐकायचं आहे.